दोन दारांची गाडी

१

मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे पेणचे वार. पाचला उठायचं, गॅसवर चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत अंगणात जाऊन गाडीच्या काचेवरचं दव पुसायचं. टपावर मांजर झोपलेलं असलं तर त्याला हाकलायचं, कारण टप कापडी. त्याला नखं लागली की पावसाळ्यात भिजणार मीच. मग अष्टमीहून पूल ओलांडून रोह्यात, हरेशच्या दारात. हॉर्न दोनदा. हरेश त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मालूला, उचलून आणायचा आणि माझ्या शेजारी बसवायचा. भिसे खिंड, नागोठणं, वडखळ, पेण. साडेनवाला तिचे व्यायाम. बाराला परतीची वाट.

हे मी चार महिने केलं. सदुसष्टाव्या वर्षी.

शहाण्णव साल. माघात मालूला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंगाचं मला एवढं वाटलं नाही, आमच्या घराण्यात सगळ्यांचंच काही ना काही जातं. पण मालू म्हणजे बोलणं. लहानपणापासून ती बोलायची आणि मी कामं करायची. लग्नं होऊन दोघी नदीच्या दोन काठांना पडलो तरी दुपारची ती पूल चालत माझ्याकडे यायची आणि चारचा चहा होईपर्यंत तोंड मिटायची नाही. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाची म्हैस कुठं घुसली. मी तांदूळ निवडत "हं" म्हणायची, नाहीतर "गप गो जरा". साठ वर्षं तिला "गप" म्हणत आले. आता घशातून नुसतं "अ… अ…" निघायचं, आणि ते काढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

डॉक्टर म्हणाले, "सहा-आठ महिन्यांत वाचा आली तर येईल. नाहीतर मग तशीच. व्यायाम चुकवू नका."

हरेशला धाटावला कंपनीत शिफ्ट. एस.टी.ची पायरी मालूला चढवेना. राहिले मी. मी भाताच्या मिलचा टेम्पो अठरा वर्षं चालवला आहे. टेम्पो नवऱ्याचा, पण त्याची पाठ गेली तेव्हा किल्ली मी घेतली ती परत दिली नाही. गावानं नावं ठेवली. ठेवू दे. पुढे डावा गुडघा क्लच दाबेना, तेव्हा टेम्पो विकला आणि घरात बसले.

"मावशे, पेणला एक गाडी हाय," आमचा पोपट मेस्त्री एक दिवस म्हणाला. "क्लचच नाय तिला."

"मग पुढं काय बैल लावायचे?"

"आपोआप गियर पडतो. जपानची हाय. तुझ्या गुडघ्यासाठीच बनवलीय बघ."

२

गाडी हैबतरावांची. ते जहाजावर इंजिनीयर होते, नोकरी सुटताना जहाजानंच ती घेऊन आले. गाडी एक्क्याण्णव सालची, पण तोंडवळा साठ सालातला. गोल दिवे, नाकावर चकचकीत जाळी, कोवळ्या केळीच्या पानासारखा फिकट हिरवा रंग, आत पांढऱ्या सीटा. नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून तिकडच्या लोकांनी मुद्दाम तशी केलेली. मी म्हटलं, "हे म्हणजे तरण्या पोरीनं आजीचं लुगडं नेसून मिरवायचं." हैबतराव हसले नाहीत. त्यांचा जीव होता गाडीवर. पण गुडघे त्यांचेही गेले होते, आणि एवढी बुटकी गाडी, तीत वाकून बसणं त्यांना जमेना.

दारं दोनच. मागे दोन माणसांपुरतं बाकडं. मागं बसायचं तर पुढच्यानं उतरायचं, सीटच्या कडेची कळ ओढायची, सीट पुढे वाकवायची, मग मागच्यानं आत शिरायचं. उतरतानाही तेच. पुढच्यानं उठून वाट दिल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही.

येताना एस.टी.त साठ माणसं होती. जाताना आम्ही तिघंच: मी, पोपट आणि हरेश. गाडी सुरू केली आणि हरेश अडला.

"मावशी, आपण तिघं."

"मग?"

"चांगल्या कामाला तिघं निघत नाय. चौथा खडा तरी घेऊया."

आमच्याकडे असं आहे. शुभकामाला तिघांनी निघायची वेळ आली तर रस्त्यातला एक खडा उचलून बरोबर घेतात. तो चौथा माणूस. पोचलं की त्याला खाली ठेवायचं. मी असलं काही मानत नाही, पण हरेशची बायको मनाली मानते, आणि त्याला जेवायला वाढणारी ती. म्हटलं, "घे बाबा, घे."

हैबतरावांच्या आळीत सगळं सिमेंट केलेलं. पोपट इकडं तिकडं बघत शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेला आणि भिंतीच्या बुडाशी पडलेला एक खडा घेऊन आला. लिंबाएवढा, काळा, गुळगुळीत. शेजारच्या ओट्यावर तीन-चार पुरुष बसले होते. कोणी बोलत नव्हतं, कोणी आमच्याकडे बघतही नव्हतं. पोपटानं त्यांना विचारलं नाही. खडा काय विचारून घ्यायचा?

हरेश मागं बसला, खडा त्याच्या डाव्या बाजूला सीटवर.

"बसा चौथे, आरामात बसा," पोपट म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

अष्टमीला पोचलो तर अंगणात ही गर्दी. नारळ फोडला. पोपट उतरला, त्यानं सीट वाकवली, हरेश उतरला. पोरं हॉर्न वाजवायला धावली. खडा कोणाच्याही लक्षात राहिला नाही.

३

पहिल्या मंगळवारी पेणला पोचलो. व्यायामाच्या खोलीतली मृणाली नावाची मुलगी मालूला उतरवायला बाहेर आली. मी उजवीकडून उतरून वळसा घालून येईपर्यंत मालू दाराला धरून उभी राहिली होती. मृणाली तिचा हात धरून म्हणाली, "चला आजी."

मालू हलली नाही. डाव्या हातानं, तो एकच चालत होता, तिनं चाचपडत सीटच्या कडेची कळ शोधली. ओढली. सीट पुढे वाकवली. आणि दाराला अंग चोरून, वाट देऊन, उभी राहिली.

मी म्हटलं, "काय राहिलं गो मागं? पिशवी माझ्याकडे आहे."

ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मोकळ्या मागच्या सीटकडे बघत होती. जराशानं तिनं मान हलवली, सीट पुन्हा सरळ केली आणि मृणालीबरोबर चालू लागली.

मृणाली म्हणाली, "मेंदूला मार लागला की असं होतं. एखादी क्रिया हाताला चिकटते."

बरोबर आहे. मी मान्य केलं. पण नवी क्रिया कशी चिकटेल? चिकटायची तर जुनी. ही कळ मालूला कोणी दाखवली नव्हती. गाडीत मागं बसलेला माणूस उतरताना तिनं कधी पाहिला नव्हता. मी स्वतःला समजावलं, हरेशला उतरताना खिडकीतून पाहिलं असेल. मग आठवलं, त्या दिवशी ती रोह्यात होती आणि आम्ही अष्टमीत.

दर खेपेला ती तेच करायची. पोचलं की कळ, सीट, वाट. घाईत असले की मी ओरडायची. ती तेवढाच वेळ घ्यायची. एखाद्या जाडजूड बाईला अडचणीतून उतरायला जेवढा लागेल, तेवढा. आणि दर वेळी कोणी उतरलं नाही अशी मान हलवून सीट सरळ करायची.

४

"मावशे, तू काय सिमेंटच्या गोण्या वाहतेस काय?"

पोपट गाडीखाली आडवा झाला होता. मागचं डावं चाक बसलं होतं. चारही चाकांत हवा सारखी, पण गाडी मागं डावीकडे दोन बोटं खाली.

"मी आणि मालू. दोघींचं मिळून एका गोणीएवढं वजन नाही."

"मग स्प्रिंग थकली." त्यानं कुठूनशी दुसऱ्या गाडीची स्प्रिंग आणून, कापून, ठोकून बसवली. हिचे पार्ट मुंबईतही मिळत नाहीत. गाडी सरळ उभी राहिली. पोपट हात पुसत माझ्याकडे असा बघत होता, जणू त्यानंच जपान वसवलं.

त्या शुक्रवारी हरेशच्या दारात मालू गाडीत बसली. मी दार लावलं. चालकाच्या बाजूला यायला मागून वळसा घातला तेव्हा पाहिलं. मागं डावीकडे दोन बोटं खाली.

मालू पुढं बसली होती, मागं नाही. मी वाकून, काचेला डोळे लावून, मागच्या सीटवर पाहिलं. माझी छत्री होती आणि मालूची शाल होती. शालीला मधोमध घडी पडली होती, कोणी तिच्यावर बसून थोडं सरकल्यासारखी.

मी शाल झटकून पुढं घेतली. म्हटलं, पोपटानं नवी म्हणून जुनीच स्प्रिंग गळ्यात मारली. कारागीर तो, पण हात राखून काम करतो.

५

वडखळच्या अलीकडे मिठागरं लागतात. चैत्रात मिठाच्या राशी वर आलेल्या असतात, ऊन पडलं की डोळे दिपतात. मी डोळे बारीक करून चालवत होते. तेव्हा शेजारून आवाज आला.

"ऊन लागतं का हो तुमच्या बाजूला?"

मालूचा आवाज. झटक्याआधीचा. स्वच्छ.

माझा पाय ब्रेकवर कसा गेला ते मला ठाऊक नाही. गाडी कडेला घेतली. मागून ट्रकवाला शिव्या घालत गेला. मी मालूकडे वळले. "काय म्हणालीस? पुन्हा बोल. बोल गो!"

ती माझ्याकडे बघेना. तिनं मान जराशी डावीकडे, मागे, कलती केली होती. "नाय नाय," ती म्हणाली, "ताई जराशी घाबरली. चालू करेल आता."

मी रडले. कबूल करते. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. नवरा गेला तेव्हा रडले नव्हते, लोकांनी त्यावरही नावं ठेवली होती.

पेणला पोचताच मी मृणालीला हाका मारल्या. "बोलली! माझी मालू बोलली!" मृणालीनं मालूला खुर्चीत बसवलं. "आजी, तुमचं नाव सांगा." मालूनं तोंड उघडलं. "अ… अ…" निघालं. डोळ्यांतून पाणी आलं. अर्धा तास त्या पोरीनं प्रयत्न केला. शेवटी माझ्याकडे अशी बघू लागली, जणू उपचार माझ्यावरच करायला हवेत.

परतीला दार लागलं आणि मालू म्हणाली, "काय छळतात हो तिथं. तुमचं कसं होतं शेवटी?"

मग थांबली. ऐकून घेतल्यासारखी. आणि म्हणाली, "अगोबाई, खरंच?"

६

त्यानंतर ती गाडीत बोलतच असायची. भिसे खिंडीपासून पेणपर्यंत. सगळं सांगायची. आमचा बाप कसा होता, आमच्या म्हशीचं नाव राधी कसं पडलं, तिचं लग्न ठरलं तेव्हा मी कशी दोन दिवस जेवले नाही. मधेमधे थांबायची, हसायची, "तुम्हाला पण तसंच का?" म्हणायची. थांबायची ते बरोबर तेवढंच, समोरचं माणूस बोलून संपवेल एवढं.

माझ्याशी एक शब्द नाही.

मी म्हणायची, "मालू, माझ्याशी बोल. मी इथं आहे. मी तुला नेते-आणते." ती मागं कलून म्हणायची, "ताईचा राग फार. पण पोटात काय नाय तिच्या."

खरं सांगू? भीती नंतर आली. आधी मला जळफळाट झाला. साठ वर्षं मी तिचं ऐकलं, "हं" म्हणून का होईना. आता वाचा परत आली तर ती कोणाला, एका रिकाम्या बाकड्याला?

मी हरेशला सांगितलं. त्याला वाटलं, मावशी थकली. मला वाटलं, खरंच थकले असेन. आठवड्यातून दोनदा खिंड चढायची, ट्रकांच्या मागं धूर खायचा. कान वाजत असतील. म्हणून एका मंगळवारी त्यानं रजा टाकली. "मी मागं बसतो. मी ऐकतो."

तो मागं बसला. मालू गप्प. खिंड चढलो, उतरलो, गप्प. मी आरशात पाहिलं. हरेश काडीसारखा माणूस, मागचं अख्खं बाकडं त्याचं. पण तो उजव्या कोपऱ्यात काचेला चिकटून बसला होता. दोन्ही गुडघे एकमेकांना लावून, हात पोटाशी धरून. भरलेल्या एस.टी.त तिसऱ्या सीटवर बसतात तसा. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं.

नागोठण्याच्या स्टँडवर तो म्हणाला, "मावशी, थांब जरा. मी एस.टी.नं येतो."

"का रे?"

"मागं अडचण होते."

त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. मी उतरले, माझी सीट वाकवली, त्याला बाहेर काढलं. तो उतरताना वळून म्हणाला, "जरा पाय घ्या." आणि मग स्टँडकडे अक्षरशः पळाला. त्यानंतर ह्या विषयावर आम्ही बोललो नाही. तो मालूला गाडीत बसवायचा ते हात लांब करून, आत न वाकता.

७

जूनची सुरुवात. गाडी माझ्या नावावर करायच्या कागदांवर हैबतरावांची एक सही अजून राहिली होती. मालू व्यायामाला होती तेवढ्यात मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला. बोलायला कोणी मिळालं की सोडायची नाही अशी बाई.

"तुम्ही गाडी न्यायला आलात ना, तेव्हा शेजारी चौथा दिवस होता. गोदूबाई गेलेल्या. जनूची आई हो. बिचारीचं फार वाईट झालं."

"काय झालं?"

"अहो, खडाच सापडेना. जाळून आल्यावर तो दगड आणतात ना, दहाव्यापर्यंत घराबाहेर ठेवतात, त्यातच माणूस आहे असं धरून? भिंतीवर करवंटीत ठेवला होता. मांजरानं करवंटी पाडली, खडा कुठं गेला देव जाणे. दहाव्याला भटजींनी दुसराच घेतला. दुपारी तीनपर्यंत कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला. जनू अजून भिंतीपाशी शोधत असतो."

चहा तसाच ठेवून मी उठले. गाडी उन्हात उभी होती. माझी सीट वाकवून मी मागं शिरले, बाकड्याच्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत. डाव्या कोपऱ्यात तो लागला. कोमट होता. उन्हातल्या गाडीत सगळंच कोमट असतं.

तिथंच जनूच्या दारात जाऊन द्यायला हवा होता. मी दिला नाही. खिशात नाही, पिशवीत नाही, होता तिथंच परत ठेवला.

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. मी हे मानत नाही. मग खडा दिला काय, न दिला काय, सारखंच. सारखंच असेल तर दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याला द्यावी. पण सारखं नसेल तर? खडा गेला आणि मालूची वाचाही गेली तर? डॉक्टरांच्या सहा-आठ महिन्यांतले पाच सरत आले होते. गाडीत का होईना, दुसऱ्या कोणाशी का होईना, ती बोलत होती. मी शेजारी बसून ऐकत होते. तेवढं तरी होतं.

दहा दिवस तसे काढले. तेवढ्यात मालू आणखी वाळली. जेवेना. हरेश सांगू लागला, ती सारखी दाराकडे बोट करते, खाली गाडी नसली तरी. पेणला उतरवायला गेलं तर सीट सोडेना. मृणाली म्हणाली, "पायात होती ती ताकदही चाललीय आजींच्या."

आणि त्या शुक्रवारी, नागोठण्याच्या पुढं, चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे वळली. माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"ताई, मला मागं बसव."

"का गो?"

"पुढं एकटं वाटतं."

मी गाडी व्यायामाला नेली नाही. सरळ हैबतरावांच्या आळीत नेली.

८

जनू चाळिशीचा, डोक्यावरचे केस अजून पुरते न वाढलेले. खडा पाहून त्यानं तो दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. मी खरं ते सांगितलं, चुकून नेला म्हणून. तो रागावला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "आता लगेच जातो नदीवर. आणखी ताटकळत नाय ठेवायची तिला." चपला घालून निघालासुद्धा.

मी गाडीपाशी आले. मालूला डोळा लागला होता, मान काचेला टेकलेली, तोंड थोडं उघडं. मी थकले होते. तिला उठवायची, उतरवायची, उभी करायची, तिची सीट वाकवायची, पुन्हा बसवायची, एवढं बळ माझ्यात नव्हतं. म्हटलं, वाट माझ्या बाजूनं दिली म्हणून काय बिघडलं. माझं दार उघडं केलं, माझी सीट पुढे वाकवली आणि बाजूला झाले.

आळीत कोणी नव्हतं. कुठल्यातरी गणपतीच्या कारखान्यातून पॉलिशच्या कागदाची घासघास येत होती.

"घर आलं," मी म्हटलं. लाज वाटत होती. सदुसष्ट वर्षांची बाई, भरदुपारी रिकाम्या गाडीशी बोलते. "उतरा आता. फार लांब आणलं तुम्हाला. उतरा."

कारखान्यातली घासघास थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मी मालूएवढाच वेळ उभी राहिले. मग गाडी हलली. माणूस उतरलं की हलते तशी, हळूच, आणि वर आली.

मी बघत होते म्हणून सांगते. मागची बाजू हलली नाही. पुढची डावी बाजू वर आली.

मी तेव्हा त्याचा विचार केला नाही. सुटले, एवढंच वाटलं. सीट सरळ केली, बसले, दार ओढलं, किल्ली फिरवली. सवयीनं आरशात पाहिलं.

आरशात आळी दिसत होती, मागं नदीकडे उतरत जाणारी. भिंतीच्या कडेकडेनं एक बाई चालली होती. पाठमोरी. घाई करत होती, कोणाला तरी गाठायचं असल्यासारखी, पण घाई तिला जमत नव्हती. उजवा पाय ओढत होती.

"निघूया ना बाई," शेजारून आवाज आला. "उशीर झाला तुम्हाला."

मालू जागी होती. सरळ बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, मागं नाही. मी पुन्हा आरशात पाहिलं तर आळी रिकामी.

९

वाचा आली. नुसती गाडीत नाही, सगळीकडे आली. त्या दिवशी रोह्यात उतरताना तिनं कळेला हात लावला नाही. दारात हरेश उभा होता, त्याला म्हणाली, "किती वाळलास रे." हरेश तिथंच खाली बसून रडला. मनालीनं पेढे वाटले. महिन्याभरात उजवा पाय सरळ पडू लागला, दोन महिन्यांत काठी सुटली. मृणाली तिला आलेल्या-गेलेल्याला दाखवते, ह्या आजी बघा, म्हणते. हरेश माझ्या पाया पडला. "मावशी, तुझ्यामुळं आई परत मिळाली." अख्ख्या रोह्यात माझं नाव झालं. सारा जन्म नावं ठेवणाऱ्यांनीसुद्धा म्हटलं, बाईनं बहिणीला मरणातून ओढून आणलं.

मी दुसऱ्याच दिवशी पेणला गेले होते, एकटी. जनू म्हणाला, "झालं मावशी. तुम्ही दिलात त्याच पावली नेऊन सोडला, भर पाण्यात." मला काही मागताच येईना. काय मागणार होते? नदीवर जाऊन बसले. ओहोटी होती. चिखलात लिंबाएवढे काळे गुळगुळीत खडे हजारो होते.

ती मला "तुम्ही" म्हणते. "बाई" म्हणते. हरेश हसतो, "आईला आता मावशीचा मान कळला." तिला म्हशीचं नाव आठवतं. बापाचा राग आठवतो. मी दोन दिवस जेवले नव्हते तेही आठवतं. हे सगळं मालूनं खिंडीपासून पेणपर्यंत सांगितलं होतं, माझ्यादेखत. जे तिनं गाडीत सांगितलं नाही, ते हिला विचारलं की ही म्हणते, "विसरले हो बाई, झटक्यात गेलं." डॉक्टर म्हणतात, असं होतं, काही कप्पे रिकामे होतात. डॉक्टर शिकलेले आहेत. मी दुसरीपर्यंत.

गाडी अंगणात आहे, ताडपत्रीखाली, सरळ उभी. पोपट दोन गिऱ्हाइकं घेऊन आला, मी हाकलली. काय सांगून विकू? मागं जागा आहे, असं?

ती बाई वाईट नाही. दुपारची पूल चालत माझ्याकडे येते. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते, माझ्याहून स्वच्छ. फार बोलत नाही. कामं करते, आणि मी गप्प बसले की "बोला ना काहीतरी," म्हणते.

कधी कधी अगदी ओठांवर येतं. त्या दुपारी मी "उतरा" म्हटलं तेव्हा उठलं कोण आणि बसून राहिलं कोण, एवढंच. पण मी विचारत नाही. तांदूळ पुढं ओढते. विचारलं तर सांगेल. चांगली स्पष्ट बोलते आता.